बक्षीस वाढवू नका, प्रश्न नीट विचारा

मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

नवकल्पना स्पर्धांना थंडा प्रतिसाद मिळाला की पहिला उपाय सुचतो तो बक्षीस वाढवण्याचा. मी तंत्रनिकेतनात शिकवतो, पोरांना अशा स्पर्धांत उतरवतो. पैशाने अर्ज वाढतात, मान्य. कल्पना सुधारतीलच असं नाही.

खरी मेख प्रश्नाच्या मांडणीत आहे. 'शेतमालाची नासाडी रोखण्यासाठी नावीन्यपूर्ण उपाय सुचवा' म्हटलं की पोरं हमखास अ‍ॅप बनवतात. दुसरं काय करणार बिचारी? त्याऐवजी असं विचारा: उन्हाळ कांदा चाळीत भरलाय, पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली, वरचा थर चांगला दिसतो पण आत सड लागलीय. विजेचा भरवसा नाही. क्विंटलमागे शेतकऱ्याला परवडेल तो खर्च इतका. सड पसरण्याआधी कळेल कसं? हे वाचून पोरगं लॅपटॉप उघडण्याआधी चाळीत जाऊन वास घेईल.

रुपयाच्या चिन्हाची स्पर्धा आठवा. २००९ साली केंद्राने ती जाहीर केली. काय हवं ते नेमकं सांगितलेलं होतं. बक्षीस अडीच लाख, वर प्रवेशिकेला ५०० रुपये शुल्क. तरी तीन हजारांहून जास्त प्रवेशिका आल्या!

नेटफ्लिक्सने २००६ मध्ये चित्रपटांच्या शिफारशी १० टक्क्यांनी सुधारण्यासाठी १० लाख डॉलर लावले. रक्कम मोठीच. पण स्पर्धकांच्या हाती प्रेक्षकांनी दिलेली दहा कोटी खरी रेटिंग्जही दिली, आणि उत्तर पाठवलं की आपण कितव्या पाण्यात आहोत ते लगेच कळायचं. म्हणून लोक तीन वर्षं झटत राहिले. आमच्या पोरांना मिळतं सहभागाचं पीडीएफ प्रमाणपत्र. कल्पना का नाकारली, ते कोणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षी तीच पोरं 'सर, राहू द्या' म्हणतात.

आपल्या विभागाच्या स्टार्टअप सप्ताहात विजेत्यांना कार्यादेश मिळतात, म्हणजे सरकारी खात्यात आपला उपाय राबवून दाखवण्याचं काम. धनादेशापेक्षा हे शंभरपटीने बरं, कारण वस्तू प्रत्यक्ष वापरून पाहिली जाते. पण तिथे नोंदणीकृत स्टार्टअपलाच वाव. इतर कंपन्यांचे अडलेले प्रश्न बक्षीस लावून बाहेरच्यांपुढे ठेवणाऱ्या इनोसेंटिव्ह या कंपनीच्या स्पर्धांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की प्रश्न सोडवणारा पुष्कळदा त्या विषयाबाहेरचाच असतो. आयटीआयचा फिटर, बचतगटातली ताई, पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक यांना दार उघडं ठेवा. अर्ज मराठीत घ्या, वीस स्लाइडचं सादरीकरण मागू नका.

आणखी दोन मागण्या. नाकारलेल्या प्रत्येक कल्पनेला कारणाच्या दोन ओळी द्या. परीक्षकांना जड जात असेल तर परीक्षक वाढवा. आणि प्रत्येक प्रश्नाखाली, निवडलेला उपाय जो अधिकारी वापरून बघणार आहे, त्याचं नाव व पद छापा. असा अधिकारी सापडत नसेल, तर तो प्रश्न स्पर्धेत घेऊच नका.

आपला,
तंत्रनिकेतनातील एक अध्यापक