पाण्याचा कठीणपणा घर घेण्याआधी कळायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की उपनगरांतल्या टँकरच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात येतात. किती टँकर आले, दर किती वाढला हे कळते. पण नळाला येणारे पाणी किती कठीण आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती, याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

लग्नानंतर वीस वर्षे आम्ही पेठेत राहिलो, खडकवासल्याच्या पाण्यावर. सह्याद्रीत पडलेला पाऊस धरणात साठतो आणि तिथून नळाला येतो. त्या पाण्याला साबण लावला की फेस हातभर. २०२१ मध्ये जी २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांपैकी एका गावातल्या सोसायटीत आता आम्ही राहतो. इथे नळ तोच, पण टाकीत येते ते बोअरचे आणि टँकरचे पाणी. नव्या भागात जलवाहिन्या टाकायला वेळ लागणार हे मलाही समजते.

पहिल्याच आठवड्यात तुरीचे वरण लावले. चार शिट्ट्या झाल्या, पाचवी केली, तरी डाळ अख्खीच. दाणा बोटांत दाबला तर आत कणी. मी दुकानदाराशी भांडून डाळ बदलून आणली, तीही तशीच निघाली. शेवटी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी म्हणाल्या, ‘ताई, डाळीला नाव ठेवू नका. हितलं पाणी जड हाय.’ त्यांचे खरे होते. पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशींना धरून ठेवते आणि ती मऊ होत नाही. चिमूटभर सोडा घातला की शिजते, पण चव जाते आणि ब१ जीवनसत्त्वही नष्ट होते. आता वरणापुरते फिल्टरचे पाणी घेते.

दुसऱ्या वर्षी गिझर बंद पडला. दुरुस्तीला आलेल्या मुलाने कॉइल बाहेर काढून दाखवली. ती करंगळीएवढी असते, आमची मनगटाएवढी झाली होती. त्याने पान्याने ठोकले तसे पांढरे पापुद्रे अंड्याच्या टरफलासारखे गळून पडले, सुपलीभर. आतली कॉइल जळून गेली होती. ‘चुन्याचा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही काकू, बिल वाढत जातं आणि कॉइल उडते,’ तो म्हणाला. शॉवरची भोके बुजणे, काळ्या ओट्यावर पांढरे डाग, टॉवेल पापडासारखे कडक, मुलीचे केस राठ, हे तर रोजचेच. गच्चीवरच्या सोलरच्या नळ्याही अशाच भरत जातात.

शाळेच्या पुस्तकात अशा कठीण पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात. आपल्याकडचा काळा पाषाण भेगाळलेला. पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्या भेगांतून उतरते आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेते. बोअर जितकी खोल, तितके पाणी बहुधा जास्त काळ खडकाच्या सहवासात राहिलेले. तुरटी फिरवून गढूळपणा बसतो, क्षार जात नाहीत. उकळून काही भाग तळाशी बसतो, सगळा नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असे म्हटले आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आम्ही प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतली, तेव्हा आकडा आला ५२०. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घरात दिवसाला ५४० लिटर पाणी लागते. म्हणजे रोज पाव किलोहून अधिक चुना आमच्या नळांतून वाहतो आहे. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा सुपलीतल्या त्या पापुद्र्यांचे नवल वाटेनासे झाले.

भीती मात्र पसरवू नये. मुतखड्याचे नाव काढून घाबरवणारे विक्रेते दारावर येतात. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरवलेली नाही. नुकसान होते ते घराचे आणि खिशाचे. हे विक्रेते टीडीएसचे पेन पाण्यात बुडवून आकडा दाखवतात. त्या पेनला विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज येतो, त्यात कठीणपणा किती हे समजत नाही. यावरून आमच्या सोसायटीत मोठा वाद झाला. वर्गणी काढून आम्ही सॉफ्टनर बसवला, दुसऱ्या दिवशी एका सभासदांनी पेन बुडवले, आकडा होता तसाच. ‘फसवलं आपल्याला,’ म्हणून बैठक बोलावली गेली. खरे तर सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम सोडतो, एकूण क्षार जवळजवळ तेवढेच राहतात. शेवटी दोन बाटल्यांत आधीचे आणि नंतरचे पाणी घेऊन त्यात अंगाचा साबण किसून हलवला. एकीत दह्यासारखी साय, दुसरीत फेस. वाद तिथेच मिटला. हेही सांगायला हवे की यात सोडियम वाढतो, म्हणून हे पाणी प्यायला वापरण्याआधी रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. आणि सॉफ्टनर अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावा लागतो, ते पाणी बागेत सोडू नये. आमची जास्वंद त्यानेच करपली.

माझी मागणी एकच आहे. घर घेताना चटईक्षेत्र, पार्किंग, लिफ्ट सगळे लिहून मिळते. पाण्याबद्दल आम्हाला फक्त ‘चोवीस तास’ एवढेच सांगितले गेले होते. बोअरच्या पाण्याचा कठीणपणा प्रयोगशाळेच्या अहवालासह प्रकल्पाच्या माहितीत देणे बंधनकारक करावे, गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर तो आकडा दिसावा. आकडा आधी कळला असता तर आम्ही घर घेतलेच नसते असे नाही. पण सॉफ्टनरची जागा, गच्चीतले पाऊसपाणी बोअरमध्ये सोडण्याची सोय, वेगळी पाइपलाइन हे बांधकामातच झाले असते. आता भिंती फोडून करतो आहोत.

सोसायट्यांनीही पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करून आकडा लिफ्टजवळच्या फळ्यावर लिहावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा त्यासाठी आहेत. आपल्या वृत्तपत्राने उपनगरांतल्या दहा-बारा ठिकाणांचे नमुने तपासून ते आकडे टँकरच्या दरांशेजारी छापले तर फार मोठे काम होईल. आमच्या भागातला नमुना मी स्वतः बाटलीत भरून आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपली,
एक वाचक, पुणे