सूचना : रुग्णाच्या गैरवर्तनाबाबत

सर्व काळजीवाहक सदस्यांसाठी,

शिवीगाळ, अंगाला नको तसा स्पर्श, अश्लील बोलणं हे सहन करणं आपल्या कामाचा भाग नाही. रुग्ण आजारी असला तरीही नाही.

असं घडलं तर हात थांबवा, एक पाऊल मागे या आणि शांत पण ठाम आवाजात सांगा, "असं बोललेलं चालणार नाही. मी थोड्या वेळाने येते." हसून वेळ मारून नेऊ नका, समोरच्याला ती परवानगी वाटते. रुग्ण पडेल अशा स्थितीत मात्र सोडून जाऊ नका. आधी नीट बसवा, मग बाहेर या.

शांत स्वभावाचे आजोबा एक-दोन दिवसांत अचानक आक्रमक झाले, तर डॉक्टरांना लगेच कळवा. लघवीचा संसर्ग, वेदना, बद्धकोष्ठता किंवा नवीन औषध यांमुळेही वृद्धांचं वागणं बदलतं. स्मृतिभ्रंशात वाद घालून उपयोग नसतो, विषय बदला.

कारण काहीही असो, नोंद त्याच दिवशी करा : वेळ, नेमके शब्द, तेव्हा हजर कोण होतं. "त्रास दिला" एवढंच लिहिलं तर पुढे काहीच करता येत नाही. पुन्हा घडल्यास अंघोळ घालताना, कपडे बदलताना दुसरी व्यक्ती सोबत मागा. मागायला लाजू नका, नव्या मुलींनी तर अजिबातच नको.