ग्रॅनाडाला जायचं तर जुलैत नको

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत ‘युरोपला जून ते ऑगस्ट’ असा सरसकट सल्ला छापून आला. स्वित्झर्लंडपुरता तो ठीक. पण दक्षिण स्पेनमधल्या ग्रॅनाडाचे बेत त्यावर आखले, तर अल्हाम्ब्रा, म्हणजे तिथला टेकडीवरचा जुना किल्ला-राजवाडा, भर उन्हात पाहायची पाळी येईल.

जुलै-ऑगस्टमध्ये तिथलं सरासरी कमाल तापमान 34 अंशांच्या आसपास असतं, आणि चाळिशीला टेकणारे दिवसही येतात. ‘एवढं तर आम्ही इंदुरात एप्रिलपासून सोसतो’ असं कुणी म्हणेल. सोसतो खरं, पण पंख्याखाली बसून; तिथे त्याच उन्हात अल्हाम्ब्राची टेकडी चढायची असते. शिवाय घड्याळाची गोम आहेच. नकाशावर स्पेन इंग्लंडच्या खाली येतो, पण वेळ मध्य युरोपची पाळतो, आणि उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे. त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो सव्वादोनला, सगळ्यात जास्त तापतं पाच-सहाच्या सुमाराला आणि जूनअखेर सूर्य मावळतो पावणेदहाच्या आसपास. ‘चारला ऊन उतरलं की निघू’ हा आपला हिशेब तिथे साफ चुकतो. सुट्टीच जुलैत मिळत असेल तर अल्हाम्ब्राचा सकाळी साडेआठचा प्रवेश घ्यावा, दुपारी दोन ते सात खोलीत पडून राहावं आणि मग बाहेर पडावं. शहर सुमारे 700 मीटर उंचीवर असल्याने रात्री पारा 18 अंशांपर्यंत उतरतो. शब-ए-मालवा, म्हणजे माळव्यातली गार रात्र, अनुभवलेल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. सखल भागातल्या सेव्हिलमध्ये हे सुख नाही. जून-जुलैत ग्रॅनाडात आंतरराष्ट्रीय संगीत-नृत्य महोत्सवही असतो. त्याच्यासाठी मुद्दाम जाणाऱ्यांनी ऊन गृहीत धरलेलं बरं.

आमच्या मते इंदूरकरांसाठी खरा काळ म्हणजे मेचे पहिले तीन आठवडे. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागलेल्या असतात आणि तिथे दिवसा 24-25, पहाटे 9-10 अंश. अल्हाम्ब्राला लागूनच्या हेनेरालिफे या उन्हाळी महालाच्या बागेत गुलाब फुललेले आणि मागे सिएरा नेव्हाडाच्या तीन हजार मीटरवरच्या शिखरांवर बर्फ अजून टिकून असतो. हे दोन्ही एकदम जुलैत दिसणार नाही. 3 मेला ‘क्रूसचा दिवस’: चौकाचौकांत, अंगणाअंगणांत लाल कार्नेशन फुलांनी मढवलेले क्रूस उभे करतात. बघण्यासारखं असतं, पण गर्दीही तशीच, तेव्हा मुक्काम आधी ठरवा. स्वेटर मात्र बॅगेत हवाच. ‘मे महिना आहे’ म्हणून सुती कपड्यांवर गेलेली मंडळी रात्री कुडकुडतात.

दोन सणांच्या तारखा बदलत राहतात. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मिरवणुकांमुळे जुन्या गावात गाड्या बंद होतात, हॉटेलांचे दर चढतात. कॉर्पस क्रिस्ती हा दुसरा ख्रिस्ती सण ईस्टरनंतर साठाव्या दिवशी येतो आणि तो आठवडा ग्रॅनाडाच्या जत्रेचा. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे, म्हणजे मेचा शेवटचा आठवडा जत्रेचा. विमानाचं तिकीट काढण्याआधी हे कॅलेंडर बघून घ्यावं.

दिवाळीत जाणाऱ्यांसाठी ऑक्टोबरही चांगला: दिवसा 22-23 अंश, गर्दी बेताची. पण ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य उगवतो जवळजवळ साडेआठला, त्यामुळे पहिल्या प्रवेशात अंगणं सावलीत आणि फोटो काळपट. दहा-अकराची वेळ घ्या. 15 ऑक्टोबरपासून अल्हाम्ब्रा रात्री आठऐवजी संध्याकाळी सहाला बंद होतो. दिवाळी नोव्हेंबरात आली तर छत्री न्यावी; तिथला पाऊस हिवाळ्याकडे झुकलेला असतो, जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे. आल्बाइसीन या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतली गोट्यांची फरसबंदी ओली झाली की पाय हमखास घसरतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री शून्याजवळ थंडी. तिकिटं सहज मिळतात, एवढाच फायदा.

तिकिटाचं थोडं विस्ताराने लिहितो, कारण हंगाम अचूक निवडूनही लोक फसतात ते इथेच. अल्हाम्ब्रातल्या नासरी महालांत, म्हणजे नासरी सुलतानांच्या राजवाड्यांत, दररोज ठरावीक लोकांनाच सोडतात, म्हणून वसंतातली तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. मग घाईत ‘बागा, हेनेरालिफे आणि आल्काथाबा (किल्ला)’ हे स्वस्त तिकीट घेतलं जातं. त्यात महाल नसतात, म्हणजे महालांतलं प्रसिद्ध सिंहांचं अंगण राहिलंच. पूर्ण तिकिटाचं नाव ‘अल्हाम्ब्रा जनरल’. त्यावर नाव आणि पासपोर्ट क्रमांक असतो, आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. झेरॉक्स चालत नाही. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असेल तर ते आधी उरका. स्पेनसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा मेसाठी डिसेंबर-जानेवारीतच लागावं.

तिकिटावरची वेळ नासरी महालांची असते, मुख्य दाराची नव्हे. दिलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात आत शिरलं नाही तर प्रवेश जातो. तिकीटखिडकीकडच्या दारातून महालांपर्यंत चालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. लहान मुलं, वडीलधारे बरोबर असतील तर त्याहून जास्त. तिकीट हातात असेल तर ‘न्यायद्वार’ नावाच्या दुसऱ्या दारातून आत जा, ते महालांना जवळ पडतं.

पुरवणीत पुढच्या वेळी ‘युरोप’ असा एकच रकाना न करता शहरवार महिने द्यावेत, ही विनंती.

आपले,
काही नियमित वाचक, इंदूर