पंप उतरवू नकोस

जामसंडे, देवगड
३ जून

प्रिय बंड्या,

इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप अजून गाडीवरच असेल तर हे पत्र वाचून होईपर्यंत त्याला पाना लावू नकोस. उतरवून दुरुस्तीला रत्नागिरीला धाडला असशील तर प्रश्नच मिटला, पुढचं नुसतं करमणूक म्हणून वाच. काल फोनवर सांगायला गेलो, पण तू मला बोलू दिलंस कुठे? आणि दिलंस तेव्हा नेमकी रेंज गेली.

तू सांगितलेलं सगळं मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय. सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागतो. चालू झाली की पांढरा धूर. मग आयडलला, म्हणजे पाय न दाबता, इंजिन एका सुरात राहत नाही, आवाज वर-खाली होतो, मध्येच मिसिंग मारते. आणि पाय दाबला की लगेच उचलत नाही, जरा थांबते आणि मग गचका देऊन निघते. अरे, ही माझ्याच गाडीची एप्रिलमधली कुंडली झाली! दोघांच्याही टाटाच्या जुन्या ४०७, दोघांकडे तेच चार सिलिंडरचं २९५६ सीसीचं इंजिन. आणि दोघांच्या गाड्या खाऱ्या वाऱ्यात उभ्या. तुझी हर्णैच्या बंदरावर मासळीखाली, माझी सिझनला आंब्याच्या पेट्यांखाली आणि एरवी चिऱ्याखाली. मधल्या काळात मीसुद्धा बंदरावर बर्फ ओढतो, त्याचं पुढे येईलच.

माझं कसं झालं ते आधी ऐक. मार्चअखेर ही कुरकुर सुरू झाली. गॅरेजमध्ये नेली. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून, दोनदा रेस करून निकाल दिला: पंप आणि सिलिंडरात डिझेल फवारणारे चारही नोझल. ऐन हंगामात गाडी चार दिवस उभी आणि साडेअठरा हजार रुपये गेले. पण गंमत बघ, पंप बसवून आणल्यावर दोन दिवस गाडी लोण्यासारखी चालली. मी गॅरेजवाल्याला हापूसची एक पेटी नेऊन दिली! पुढे कळलं ते असं की पंप परत बसवताना डिझेलच्या सगळ्या लाइनीतली हवा काढावीच लागते. गाडी सुधारली होती ती हवा काढल्यामुळे. पंपाचं काम झालंच नसतं आणि नुसती हवा काढली असती तरी ते दोन दिवस मला मिळालेच असते.

तिसऱ्या दिवशी ९० पेट्या भरून कोल्हापूरला निघालो. नांदगावपर्यंत काही नाही. फोंडाघाट सुरू झाला आणि गाडीला धाप लागली. दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा ओढेना. रात्रीचे साडेदहा, मागे लायटींची रांग, आणि आत पेंढ्यात तापत बसलेला आंबा. हातपंप मारायचा, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, फेस बाहेर काढायचा, की पुन्हा दोन-अडीच किलोमीटर. असं करत दाजीपूर गाठलं. कोल्हापूरला पोचलो तेव्हा लिलाव उरकत आला होता. भावाचं विचारू नकोस.

पण त्या घाटात मला कळायला हवं होतं. फेस कुठून आला? डिझेलमध्ये फेस म्हणजे हवा, आणि हवा आपोआप तयार होत नाही.

परत आल्यावर बंदरावरच्या मेस्त्रीकडे गेलो. हा माणूस ट्रकचा नाही, मच्छीमार बोटींच्या इंजिनांचा. समुद्रात इंजिन बंद पडलं तर उतरून धक्का मारता येत नाही, त्यामुळे ही माणसं आधी स्वस्तातलं तपासतात आणि महागातलं शेवटी. मी पंपाची सगळी रामकहाणी सांगितली. त्याने एकच विचारलं, "डिझेल खंय गळता?" मी ऐटीत म्हटलं, कुठेच नाही, एक थेंब नाही. तर म्हणतो, "गळणा नाय म्हणान बरा असा, ह्या तुका कोणी सांगल्यान?"

बंड्या, सगळी मेख या एका वाक्यात आहे. मोठ्या पंपाला टाकीतून डिझेल आणून देणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीची. तिथे फीड पंप डिझेल खेचत असतो, म्हणजे नळीच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. त्या भागात सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. फीड पंपाच्या पुढे, फिल्टरपासून मोठ्या पंपापर्यंत, दाब बाहेरच्यापेक्षा जास्त; तिथे गळती झाली की ओल दिसते, वास येतो, खाली डाग पडतो. आपण सगळे डाग शोधतो. ओढीच्या बाजूचा दोष डागच पाडत नाही.

आता तेवढ्याशा हवेने एवढा तमाशा का? डिझेल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. पंपाचा प्लंजर, म्हणजे दट्ट्या, डिझेल ढकलतो तेव्हा जवळपास २०० बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशे पट, दाब चढावा लागतो, तेव्हा कुठे नोझलची सुई उचलते. मध्ये बुडबुडा असेल तर तो स्पंजासारखा दबतो, दाब चढत नाही, सुई उचलत नाही, तो ठोका फुकट. ७०० आरपीएमवर चारही सिलिंडर मिळून मिनिटाला १४०० ठोके होतात आणि आयडलला दर ठोक्याला जाणारं डिझेल पावसाच्या एका थेंबाहूनही कमी. एवढ्याशात बुडबुडा शिरला तर आयडल बिघडणारच. आणि चढावर इंजिनाला जास्त डिझेल लागतं, नळीत ओढ वाढते, त्याच भोकातून हवाही जास्त येते. म्हणून सपाटीवर नुसती कुरकुर आणि घाटात धाप. सकाळचा त्रासही यातलाच: रात्रभर त्या भोकातून हवा शिरते, डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं आणि सकाळी नळी अर्धी रिकामी. तुझी गाडी घरासमोर तोंड चढाकडे करून उभी असते ना? एक रात्र उलटी लावून बघ. सकाळी फरक पडला तर मला वेगळं सांगायला नको.

मेस्त्रीने केलं काय, तर फीड पंपाकडे येणारी नळी सोडली आणि मध्ये हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी जोडली. गाडी चालू. सोड्याची बाटली फोडल्यासारखे बुडबुडे! मी नुसता बघत राहिलो. साडेअठरा हजार रुपये डोळ्यांसमोरून एकेक करून वर चालले होते.

मग त्याने पाच लिटरचा कॅन स्वच्छ डिझेलने भरून केबिनच्या आरशाला टांगला आणि त्यातून थेट फीड पंपाला नळी दिली. परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडली, ही विसरू नकोस, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. हवा काढली, चालू केली, आणि दहा मिनिटांत इंजिन असं एका सुरात लागलं की ऐकत राहावं. म्हणजे पंप चांगला, नोझल चांगले. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मधल्या तीन मीटरमध्ये. एका कॅनने अर्धी गाडी निर्दोष सुटली.

भोक सापडलं ते चॅसिसवरच्या पट्टीखाली. नळी जिथे पट्टीने आवळलेली असते तिथे रबराचा तुकडा असतो ना, त्यात बर्फाचं खारं पाणी आणि माती वर्षानुवर्षं साचलेली. नळी बाहेरून रंगवलेली, ठणठणीत. पट्टी काढली तर आतून गंजाने खाल्लेली. बर्फ ओढायची हौस मला अशी नडली. मासळीच्या गाडीखाली तर याहून वाईट असणार, म्हणून तुला एवढ्या पोटतिडकीने लिहितोय. मेस्त्रीने त्या दिवशी साबण चोपडून, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून मला घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी नवी नळी टाकली. नळी, वायसर, मजुरी धरून अकराशे रुपये. घरी पोचलो तर आबा म्हणाले, "मी तुका शिमग्यातच सांगललंय, हवा धरता हा म्हणान." सांगितलं होतं, खरं आहे. पण ते हल्ली प्रत्येक गाडीला हवाच धरलीय म्हणतात, दारात येणाऱ्या एसटीलासुद्धा.

तेव्हा तू आता असं कर. पारदर्शक नळी आणि कॅन, हे दोन्ही तुझ्या अंगणात होतं, त्याला गॅरेज नको. बुडबुडे दिसले तर टाकीकडून सुरुवात कर: टाकीतली खेचनळी, तिचा जोड, प्रत्येक पट्टीखालची जागा, फीड पंपाच्या जाळीची वाटी आणि तिचं गॅसकेट, नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टची तांब्याची वायसरं. वायसर जुनं परत लावू नकोस, पाच-दहा रुपयांसाठी जीव खाईल. नवी नळी रबराची घेणार असशील तर डिझेलचीच माग. बागेतल्या पाण्याची नळी लावलीस तर डिझेलने फुगते, मऊ होते आणि दोन महिन्यांनी पुन्हा हेच पत्र वाचावं लागेल.

बुडबुडे नसतील तर मात्र मी चुकलो आणि गोष्ट इंजिनाकडे गेली. तेव्हा आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट फडकं धरून अर्धा फेरा ढिला कर आणि आवाज ऐक. नट सोडल्यावर इंजिन आणखी अडखळलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. हात मात्र लांब ठेव, बोटाने गळती शोधू नकोस; त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं, वरून नुसता टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो आणि आत हात सडतो. आळशी सिलिंडर रोज तोच निघाला तर त्याचं नोझल शेजारच्याशी बदलून बघ. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल, तिथेच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब). पण आज दुसरा, उद्या तिसरा असं होऊ लागलं तर पुन्हा हवेकडेच ये. नोझल जागा बदलत नाही, हवा बदलते.

डिझेलात पाणी असेल असं तुझा भाऊ म्हणाला, तेही टाकाऊ नाही. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी ठेवली की दमट हवेचं पाणी आत उतरतं. फिल्टरखालचा स्क्रू सोडून काचेच्या ग्लासात थोडं डिझेल घे. पाणी असेल तर तळाशी वेगळं बसलेलं दिसेल. पाच मिनिटांचं काम.

इकडे आंबा संपला, शेवटच्या पेट्या रायवळबरोबर घरातच खाल्ल्या. आता मृगाची वाट बघतोय. मुलगी दहावी सुटली, निकालाच्या दिवशी मी गाडीखाली होतो, ती वाकून मार्क सांगत होती आणि मला पाइपमधून काही ऐकू येत नव्हतं. यावरून घरात अजून बोलणी खातोय. वहिनींना नमस्कार सांग. गणपतीला इकडे येणार आहात ना, का यंदाही बंदराचं निमित्त?

बुडबुडे दिसले तर फोटो पाठव. नाही दिसले तर फोन कर, आणि या वेळी मला बोलू दे.

तुझा,
बापू

ता. क. लिफाफा चिकटवताना आठवलं, हे खरं तर सगळ्यात आधी करायचं. गाडी अडखळत असताना टाकीचं झाकण उघड. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि इंजिन सुधारलं, तर झाकणाचं हवेचं भोक मासळीच्या चिखलाने बुजलंय. नळी, कॅन काही लागणार नाही, एक टाचणी पुरेल.