बॅग थेट शेवटच्या गावी जात नाही

महोदय,

मुलाकडे किंवा लेकीकडे पहिल्यांदाच अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांना तिकीट काढून देणारे आणि फोनवरून मुले एकच दिलासा देतात : ‘बॅगेची काळजी नको, ती थेट शेवटच्या विमानतळावर मिळेल.’ हे अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी पुढचे विमान चुकते.

मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–मिनीआपोलिस असा प्रवास घ्या. फ्रँकफर्टला बॅगेला हात लावायचा नाही, ती आपोआप पुढे जाते. पण अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल, म्हणजे इथे शिकागोला, तिथे इमिग्रेशन झाल्यावर पट्ट्यावरून बॅग स्वतः उचलायची, कस्टम्समधून बाहेर न्यायची आणि लगेच पुढच्या काउंटरवर परत द्यायची. टॅगवर मिनीआपोलिस लिहिलेले असले तरी हे चुकत नाही. शिकागोच्या ओ’हेअर विमानतळावर परदेशातून आलेली विमाने बहुधा टर्मिनल ५ वर लागतात. युनायटेड या विमान कंपनीचे देशांतर्गत विमान टर्मिनल १ वरून सुटते. मध्ये विमानतळाची छोटी रेल्वे आणि त्यानंतर पुन्हा सुरक्षा तपासणी. वाटेत ड्यूटी फ्रीमध्ये घेतलेली अत्तराची किंवा दारूची मोठी बाटली बॅग परत देण्याआधीच तिच्यात टाकायची, नाहीतर पुढच्या तपासणीत हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली नको, हा नियम आडवा येतो. या सगळ्याला दीड तास म्हणजे नशीब. मधला वेळ तीन तासांपेक्षा कमी असलेले तिकीट स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील तर चुकलेल्या विमानाच्या बदल्यात कंपनी दुसरे देते. वेगवेगळी तिकिटे काढली असतील तर खर्च तुमचा. (अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांचे अमेरिकेचे इमिग्रेशन अबुधाबीलाच होते, त्यांना हा व्याप नाही.)

दुसरी चूक घरातूनच सुरू होते. तिकिटावर १२ तारीख, वेळ रात्री १.२५ असे असेल तर विमानतळावर ११ तारखेच्या रात्री पोहोचायचे असते. १२ तारखेला रात्रीचे जेवण करून निघालेली माणसे विमान गेल्यावर वीस तासांनी काउंटरवर उभी राहतात. कॅलेंडरवर ११ च्या चौकटीत ‘आज रात्री निघणे’ असे लिहूनच ठेवावे.

आता सामान. आपल्याकडची खास अडचण म्हणजे सुके खोबरे. तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून चेक-इन बॅगेत त्याला बंदी आहे. वाट्या सापडल्या की बॅग उघडली जाते. पॉवर बँक उलट हातातल्या बॅगेतच हवी, चेक-इनमध्ये कधीच नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तास भरते, मर्यादा १०० ची आहे. विमानाच्या दाराशी हातातली बॅग खाली सामानकक्षात ठेवायला मागितली तर आधी पॉवर बँक बाहेर काढावी. इन्सुलिन आणि रोजच्या गोळ्याही.

अमेरिकेच्या कस्टम्सला ताजा कढीपत्ता चालत नाही, कारण त्यावरच्या किडीतून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरतो. तांदूळ आणि हरभरे खापरा भुंगा या धान्यातल्या किडीमुळे अडतात, फळे-भाज्या आणि मांसही अडते. दळलेल्या मसाल्याला सहसा हरकत नसते. पण नेमके बिघडते ते उत्तरात. अधिकारी ‘एनी फूड?’ विचारतो आणि घाबरून ‘नो’ म्हटले जाते. मग बॅगेतून डबे निघतात. ‘येस’ म्हणून दाखवले तर नको असलेली वस्तू काढून घेतात आणि सोडतात. लपवलेले सापडले तर दंड शेकडो डॉलरचा.

इमिग्रेशनला बोटांचे ठसे, फोटो आणि तीन-चार प्रश्न : का आलात, किती दिवस, कुठे राहणार, परतीचे तिकीट. खरे आणि थोडक्यात सांगावे. प्रश्न कळला नाही तर अंदाजाने मान डोलावू नये, दुभाषा मागावा. मुलाचा पत्ता आणि फोन नंबर जाड अक्षरात कागदावर लिहिलेला असावा. मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम दहा वर्षांचा नसतो. किती दिवस राहता येईल ते आय-९४ या नोंदीत असते, बहुधा सहा महिने. घरी पोहोचल्यावर मुलाने ती नोंद ऑनलाइन उघडून तारीख आणि नावाचे स्पेलिंग पाहावे. तारीख उलटली की व्हिसा रद्द होतो, आणि त्या तारखेनंतर १८० दिवसांहून जास्त राहून परतल्यास तीन वर्षे प्रवेश बंद.

पंधरा-सोळा तासांच्या बसण्याबद्दल सगळे बोलतात : पाणी पीत राहा, दर दोन तासांनी उठा. ठीक आहे. व्हीलचेअर हवी असेल तर ती मात्र निदान ४८ तास आधी विमान कंपनीकडे नोंदवावी.

प्रवास कंपन्यांना विनंती एवढीच, की तिकिटाबरोबर मराठीत दोन ओळींची चिठ्ठी द्यावी : घरातून कोणत्या वारी निघायचे आणि बॅग कोणत्या विमानतळावर उचलून परत द्यायची.

– एक वाचक, ठाणे