उस्तादांचे कान वाचवा : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. राजनाथ सिंह साहेब,
संरक्षणमंत्री, भारत सरकार

जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं रेंजवर फायरिंगचा उस्ताद, म्हणजे जवानांना गोळीबार शिकवणारा, होतो. माझी नात गप्पा मारायला आली की न सांगता माझ्या उजव्या बाजूला बसते. डाव्या कानात रात्रंदिवस रातकिडा किरकिरत असतो. उजव्या खांद्यावरून फायर करणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला येतो, म्हणून आमच्यातल्या बहुतेकांचा तोच आधी जातो. जवानांच्या बंदुकांना सायलेन्सर द्या, एवढं मागायला हे पत्र.

सायलेन्सर म्हटलं की लोकांना सिनेमातला मारेकरी आठवतो. मला आठवते ती कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनलेली आपली ९ मिमी कार्बाइन, म्हणजे आखूड नळीची बंदूक. ब्रिटिशांच्या स्टर्लिंगवरून घेतलेली १ए१ आम्ही सगळ्यांनीच चालवली. तिचीच सायलेन्सरवाली बहीण २ए१, ती कमांडोंच्या कामाची. मी ती एकदाच जवळून पाहिली. उस्तादांनी छोटा बर्स्ट मारला आणि मला आधी ऐकू आलं ते गोळ्या मातीच्या बांधात रुतल्याचं, मग रिकाम्या पुंगळ्या दगडावर पडल्याचं. फायरिंग चालू असताना शेजारच्याचा शब्द कळतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं.

साहेब, कमांडोंना हे हत्यार का लागतं ते आपण जाणताच. जर्मनीची सायलेन्सरवाली एमपी-५ एसडी १९७४ साली आली आणि आजही कितीतरी देशांच्या विशेष दलांकडे आहे. तिच्या नळीला ३० बारीक भोकं असतात. गोळीमागचा वायू त्यांतून बाहेरच्या जाड नळकांड्यात पसरतो, थंडावतो आणि गोळीचा वेग सेकंदाला २८५ मीटरच्या आसपास येतो. ध्वनीच्या वेगापेक्षा हा कमी, म्हणून हवा फाटल्याचा ‘तडाक’ होत नाही. नळीच्या तोंडाशी ज्वाळाही जवळपास दिसत नाही. तरी ती मुकी नसतेच, बोल्टचा खडखडाट राहतो. पण बंद खोलीत वायरलेसवरचा हुकूम ऐकू येतो, साथीदाराची हाक ऐकू येते. २६ नोव्हेंबर २००८ नंतरचे ते दिवस आठवा. ताज आणि नरिमन हाऊसच्या जिन्यांत, खोल्यांत आपली मुलं लढत होती. तिथे लढलेली एनएसजी, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, गृहखात्याकडे आहे हे मला ठाऊक आहे, पण कान सगळ्यांचे सारखेच.

१४० डेसिबलवरचा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो. बंदुकीचा आवाज त्याच्याही वर, १५० ते १६० च्या घरात जातो. चांगला सायलेन्सर त्यातले २० ते ३० कमी करतो. तेवढ्याने कान पूर्ण सुरक्षित होत नाही, वर इअर मफ, म्हणजे कान झाकणारं टोपण, लागतोच. पण रेंजवर उस्ताद दहा-दहा फायरर्सच्या मागे उभा असतो, सकाळपासून दुपारपर्यंत, आठवड्यातून कितीदा तरी. मी कापसाचे बोळे घालून उभा राहिलो. मफ घातला तर नवीन पोरगा अडकलेली बंदूक हातात घेऊन वळतोय आणि ओरडतोय, हे कळणार कसं?

कान वाजायला लागले तेव्हा मी कुणाला बोललो नाही. आमची मेडिकल कॅटेगरी ‘शेप’ची, त्यातलं दुसरंच अक्षर ‘एच’, म्हणजे ऐकणं. शेप-१, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, गेली की बढतीवर पाणी. त्यामुळे जवान तपासणीच्या खोलीत डॉक्टरांच्या ओठांकडे बघून उत्तर देतो. मीही दिलं. हे लपवणं माझंच होतं, दोष कुणाला देत नाही. पण लपवावं लागणार नाही अशी व्यवस्था आपण करू शकता.

३० डिसेंबर २०२५ ला आपल्या मंत्रालयाने सव्वाचार लाखांवर नव्या कार्बाइनचा करार केला, २,७७० कोटी रुपयांचा. त्यातला मोठा वाटा पुण्याच्या भारत फोर्जकडे आहे आणि त्यांच्या कार्बाइनचा आराखडा पुण्याच्याच एआरडीईचा, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेचा, याचा आम्हा मराठी माणसांना अभिमान आहे. ती ५.५६ मिमीची आहे, गोळी ध्वनीपेक्षा वेगवान, तेव्हा हवेतला तडाका राहणारच. पण कान फोडणारा नळीच्या तोंडचा धमाका सायलेन्सरने नक्की उतरतो. प्रत्येक सेक्शनला, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीला, निदान काही कार्बाइन सायलेन्सरसकट द्या. ‘बसवता येईल’ एवढ्यावर भागवू नका, बसवूनच पाठवा. आणि प्रशिक्षण केंद्रांना सगळ्यात आधी.

विशेष दलांसाठी मात्र ९ मिमीच हवी. कर्नल प्रसाद बनसोड आणि एआरडीईने मिळून केलेली ९ मिमीची छोटी स्वयंचलित बंदूक ‘अस्मी’ २०२४ मध्ये उत्तर कमांडकडे पोहोचली, पहिल्या खेपेला ५५०. तिचं नळीतच सायलेन्सर असलेलं रूप आपल्याच लोकांकडून करून घ्या. कानपूरने जे एकदा केलं ते पुण्याला जड नाही.

आणि वार्षिक फायरिंगच्या आधी आणि नंतर प्रत्येकाच्या ऐकण्याची तपासणी करा, पण ती कॅटेगरी खाली आणण्यासाठी वापरू नका. पुढच्या कोर्सला जे नवे उस्ताद रेंजवर उभे राहतील, त्यांच्यापासून सुरुवात करा. त्यांचे दोन्ही कान अजून चांगले आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त हवालदार, जि. सातारा