तुझा रिपोर्ट आणि माझा आवाज

सातारा, रविवार दुपार

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू तीनदा विचारलंस, "आई, टीएसएच १४.२ म्हणजे थायरॉईड जास्तच आहे ना? मग डॉक्टरांनी आणखी वाढवायची गोळी का दिली?" माझ्या अकरावीच्या वर्गात दरवर्षी एखादं तरी पोर नेमकं इथेच अडतं. फोनवर धड सांगता आलं नाही. शिवाय मला आणखीही काही बोलायचंय, ते समोरासमोर जमलं नसतं.

आधी एक. "मला थायरॉईड झालाय" म्हणू नकोस. थायरॉईड सगळ्यांनाच असतो, कंठमण्याच्या खाली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा. पुस्तकात त्याला अवटू ग्रंथी म्हणतात. झालंय ते एवढंच, की तुझ्या ग्रंथीचं काम मंदावलंय.

आणि १४.२ हा आकडा तिचा नाहीच. तो पिट्यूटरीचा, मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा. आपल्या घरातली सकाळ आठव. आजी देवघरातून विचारायची, "पोरगी उठली का गं?" की मी ओट्यापासून तुला हाक मारायची. आजी म्हणजे हायपोथॅलॅमस, पिट्यूटरीला हुकूम देणारा मेंदूचा भाग. मी पिट्यूटरी, तू थायरॉईड. माझा आवाज म्हणजे टीएसएच. तू उठलीस की मी गप्प, नाही उठलीस की माझी पट्टी चढत जायची. रिपोर्टवर ती पट्टी छापलेली असते. ०.४ ते ४ च्या आसपास म्हणजे साधी हाक, १४ म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा आरडाओरडा. खालच्या ओळीतला फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक थायरॉक्सिन, कमी आहे, म्हणजे एवढं ओरडूनही पांघरूण हललेलं नाही.

हलणार कसं? अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं, वाढलेली आहेत. तुझ्याच प्रतिकारशक्तीनं त्या ग्रंथीला परकं ठरवून पोखरायला घेतलंय. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली याचं पहिल्यांदा वर्णन केलं, म्हणून नाव त्यांचं. यात तुझ्या खाण्यापिण्याचा दोष नाही. मीठ आपलं आयोडीनचंच ठेव, पण जास्त मीठ खाऊन हे बरं होत नाही. मावशी काय म्हणते ते ऐकून घे आणि सोडून दे.

आता जे बोलायचंय ते. मे महिन्यात तू घरी होतीस. बाहेर लाही लाही होत होती आणि तू पंखा बंद करून गोधडीत. मी म्हणाले, "सोंगं पुरे." दुपारी झोपायचीस तर आळशी म्हणाले. न्हाणीघराच्या जाळीत केसांचा गुंता निघाला, त्यावरूनही बोलले. थायरॉईडचं संप्रेरक पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन पेशीच्या कामाचा वेग ठरवतं. ते कमी पडलं की थंडी वाजते, झोप येते, केस गळतात, पोट साफ होत नाही. हे सगळं मी बावीस वर्षं फळ्यावर लिहितेय. घरात दिसलं नाही. चुकलंच माझं.

आता गोळी. तिच्यात तुला कमी पडणारं तेच थायरॉक्सिन, ५० मायक्रोग्रॅम. परवा पाकिटाच्या पाठीमागे हिशेब केला. एक ग्रॅम औषधात अशा वीस हजार गोळ्या होतात. रोज एक धरली तर ५४ वर्षं पुरतील. आजीच्या मापात सांगायचं तर हा एक ग्रॅम म्हणजे जेमतेम आठ गुंजांचा एक मासा! आणि हेच द्रव्य पहिल्यांदा शुद्ध रूपात मिळवलं ते एडवर्ड केंडल यांनी, १९१४ च्या नाताळच्या दिवशी, अमेरिकेत. पुढच्या काही वर्षांत त्यांनी सुमारे तीन टन डुकरांच्या ग्रंथी उकळून-आटवून जेमतेम ३३ ग्रॅम मिळवले. आज ते कारखान्यात तयार होतं.

एवढीशी मात्रा, म्हणून घेण्याची शिस्त जपावी लागते. सकाळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता त्यानंतर अर्ध्या-एक तासानं. मी स्वतः पहिली दोन वर्षं चहाच्या घोटाबरोबर घ्यायची आणि डोस का वाढतोय म्हणून डॉक्टरांवर चिडायची. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ दे. केसांसाठी तू बायोटिन घेतेस ना? ते रक्ततपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद कर, त्यानं आकडे फसवे येऊ शकतात.

आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून रडू नकोस. थायरॉक्सिन रक्तातून निम्मं व्हायलाच सात दिवस लागतात, त्यामुळे पातळी स्थिरावायला वेळ जातो. डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतील, त्याआधी मनानं डोस बदलायचा नाही. बरं वाटलं म्हणून बंद तर मुळीच नाही.

दिवाळीला ये. गोधडी धुऊन उन्हात टाकली आहे. हवं तेवढं झोप, हाक मारणार नाही. उशाशी फक्त पाण्याचं भांडं आणि गोळीची बाटली ठेवीन, आणि चहा तू उठून मागशील तेव्हाच टाकीन.

तुझी,
आई